एकाच वर्णनाच्या दोघी

चाळीसगावात पंचेचाळिशीच्या आतल्या कोणालाही विचारा, पहिलं अक्षर गिरवायला कोणी शिकवलं, तर उत्तर बहुधा एकच मिळेल : बाविस्कर बाईंनी. कोणत्या बाविस्कर बाईंनी, असं विचारलंत तर मात्र समोरचा हसेल. ते त्याला तेव्हाही कळत नव्हतं आणि आजही सांगता येणार नाही.

कांचन आणि शैला या जुळ्या बहिणी. कांचन अकरा मिनिटांनी मोठी. दोघींनी मिळून अडतीस वर्षं बालवाडी चालवली, एकाच खोलीत, मध्ये फळा उभा करून. अलीकडे मोठा गट, पलीकडे छोटा. लग्न दोघींनीही केलं नाही. कोणी कारण विचारलं तर शैला म्हणे, "पाहुण्यांना कळायचंच नाही नक्की कोणाला पाहिलं ते. चहा पिऊन निघून जायचे बिचारे." आणि कांचन म्हणे, "ती म्हणते तेच."

हे त्या घरातलं जुनं वळण होतं. लहानपणी येणारा-जाणारा दोघींना शेजारी उभं करायचा. कोण उंच, कोण उजळ, कोणाचं पाठांतर चांगलं. सातव्या वर्षी दोघींनी माळ्यावर बसून ठरवलं, कोणीही काहीही विचारलं तरी उत्तर एकच द्यायचं. मोजायला काही शिल्लकच ठेवायचं नाही. चौसष्ट वर्षं त्यांनी ते पाळलं.

यंदाच्या संक्रांतीनंतर मात्र दोघींमध्ये एक फरक पडला. शैलाला शेंगदाण्याचं टरफल फोडता येईना.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शैलाच्या हातात एक रबरी चेंडू दिला आणि दाबायला सांगितला. चेंडूला जोडलेल्या काट्यानं चौदा किलो दाखवले. कांचननं दाबला तेव्हा काटा बावीसवर गेला.

"विजेच्या तारेवर रबराचं वेष्टण असतं ना, तसं आपल्या मज्जातंतूंवरही असतं," डॉक्टर म्हणाले. "शैलाबाईंचं ते वेष्टण झिजतंय. वेष्टण गेलं की आतली तार उघडी पडते आणि हळूहळू मरते. आधी बोटं ताठरतात, पेटके येतात, मग पकड जाते."

"उपाय?" कांचननं विचारलं.

"आहे. चांगला आहे. पाच वर्षांपासून आहे." त्यांनी सांगितलं ते असं : शैलाच्याच त्वचेतल्या पेशी घेऊन त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या, त्यांना वेष्टण विणायला शिकवायचं आणि परत टोचायच्या. याला तंतुलेप म्हणतात. दोन-तीन महिन्यांत हात पहिल्यासारखा होतो. अट एवढीच, की आतली तार जिवंत हवी. पकड आठ किलोच्या खाली गेली की लेप द्यायला काही उरत नाही. आणि शैलाची पकड आठवड्याला साधारण एक किलोनं उतरणार होती.

"म्हणजे सहा आठवडे," शैला म्हणाली. "मग टोचा की उद्याच."

डॉक्टरांनी चेंडू खणात ठेवला. "मी सांगून उपयोग नाही, बाई. निदान लोकवहीत उमटायला हवं. आणि तुमच्या दोघींच्या ओळींत ती जागा मला कोरी दिसतेय."

लोकवही म्हणजे राज्यातल्या सगळ्या माणसांचा एक प्रचंड तक्ता. प्रत्येक माणसाची एक आडवी ओळ. त्या ओळीत दोन प्रकारचे रकाने. काही रकान्यांत माणसानं सांगितलेली माहिती : जन्म कधीचा, शिक्षण किती, काम कोणतं, राहणं कुठं. असे एक्क्याण्णव रकाने होते. बाकीचे रकाने कोणी भरत नसे. ते सूत्रानं आपोआप भरत. उंची आणि वजन दिलं की जाडपणा किती ते जसं काढता येतं, तसंच तपासण्यांवरून निदान, निदानावरून उपचार, उपचारावरून तारीख. पूर्वी असे आकडे साहेबाच्या हातात असत आणि साहेबाच्या ओळखीचा माणूस रांगेत पुढे जाई. म्हणून हातानं आकडा घालायला बंदी झाली. लोकांना ते आवडलं. आवडण्यासारखंच होतं.

दुसरी बंदी नावांवर आली. काही वर्षांपूर्वी कोट्यवधी लोकांची नावं, क्रमांक, अंगठ्यांचे ठसे चोरीला गेले आणि कोणाचा आजार काय, हे बाजारात विकलं गेलं. लोक चिडले, सरकार घाबरलं, आणि कायदा झाला की वहीत नाव नको, क्रमांक नको, ठसा नको. माणूस ओळखायचा तो त्याच्या वर्णनावरून, म्हणजे त्या सगळ्या रकान्यांवरून. एक्क्याण्णव गोष्टी तंतोतंत जुळणारी दोन माणसं जगात असतीलच कशी, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं.

ते चाळीसगावात आले नव्हते.

लोकवहीच्या तालुका केंद्रात ईश्वरी सोनवणे बसायची. वय एकोणचाळीस, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि बाविस्कर बाईंची विद्यार्थिनी. दोघींना दारात पाहून ती खुर्चीतून उठलीच.

"बस गं," शैला म्हणाली. "आता तू साहेब आहेस. आम्ही हाताची घडी घालून बसतो. मला येते तोवर तरी."

ईश्वरीनं दोन दिवस मागून घेतले आणि आठवडा लावला. वही फक्त एक ओळ सांगत होती : 'चक्राकार अवलंबन. हिशेब थांबवला आहे.' चक्राकार म्हणजे पहिला रकाना दुसऱ्यावर अवलंबून आणि दुसरा पहिल्यावर. अशा वेळी एखाद्या सूत्रात कोणीतरी चूक केलेली असते, म्हणून तिनं सगळी सूत्रं उलगडून वाचली. चूक सापडली नाही. मग सरावासाठी ठेवलेल्या नमुन्याच्या प्रतीत एकेक रकाना काढून पाहिला, कोणता काढल्यावर चक्र सुटतं ते शोधायला. निदान काढलं तर चक्र सुटे, पण मग निदानच नसे. शेवटी तिनं सूत्रं बाजूला ठेवली आणि दोन्ही ओळी एकीखाली एक लावल्या. पहिला रकाना सारखा. दुसरा सारखा. एक्क्याण्णवावा सारखा.

तिनं दोघींना परत बोलावलं.

"बाई, कसं सांगू? समजा, बालवाडीत दोन मुली आहेत. सारखा फ्रॉक, सारख्या वेण्या. एकीला ताप आलाय. तुम्ही मला औषध दिलंत आणि म्हणालात, 'त्या मुलीला दे.' मी विचारणार, कोणत्या?"

"जिला ताप आहे तिला," कांचन म्हणाली.

"ताप कोणाला आहे?"

"त्या मुलीला."

"कोणत्या मुलीला?"

 शैला हसायला लागली. "छान! सत्तर वर्षं माणसांचं डोकं खाल्लं, आता यंत्राचंही खाल्लं आपण."

"अगदी तेच झालंय," ईश्वरी म्हणाली. "तपासण्यांचे दोन गठ्ठे वहीत आलेत, एक आजारी माणसाचा, एक निरोगी माणसाचा. कोणता गठ्ठा कोणत्या ओळीचा, हे ठरवायला दोन ओळींत काहीतरी वेगळं हवं. तुमच्या ओळींत वेगळं होईल असा एकच रकाना आहे, निदान. आणि निदान तर गठ्ठा लागल्याशिवाय निघत नाही. यंत्र गोल फिरत राहू नये म्हणून थांबतं. त्याचं चुकत नाही हो."

"पण आम्ही अगदी सारख्या कुठं आहोत?" कांचन म्हणाली. "ही एक वर्ष नाशिकला शिवण शिकायला होती. हिला विषमज्वर झाला होता, मला नाही. हिला लसूण चालत नाही."

"मग ते वहीत का नाही?"

कांचनला तो दिवस आठवला. लोकवहीच्या गणनेसाठी एक तरुण मुलगी घरी आली होती. एक्क्याण्णव प्रश्न. कांचननं आपली सगळी उत्तरं दिली, आणि शैलाची पाळी आली तेव्हा मुलीला चहा देत म्हणाली, "हिचंही तेच लिही." मुलीचंही काम वाचलं. शैलानं स्वयंपाकघरातून हाक देऊन दुजोरा दिला होता.

"आता सांगते ना," कांचन घाईनं म्हणाली. "लिही, नाशिक लिही."

"बाई, गणनेची पानं मोहोरबंद असतात. पुढच्या गणनेला उघडतील. सहा वर्षांनी."

 ईश्वरीनं पडदा त्यांच्याकडे वळवला. "एक दाखवते. दाखवू नये खरं तर." नमुन्याच्या प्रतीत तिनं एक नवा रकाना उघडला आणि दोन ओळींपुढे दोन आकडे टाकले, एक आणि दोन, आणि तेच तपासण्यांच्या गठ्ठ्यांवर. बास, तेवढंच. पापणी लवते न लवते तोच पुढचे सगळे रकाने झरझर भरले. निदान : मज्जावेष्टण-क्षय. उपचार : तंतुलेप, पात्र. सोबत : त्याच घरात, सक्षम. तारीख : सोमवार, नऊ मार्च.

"नऊ मार्च," शैला मोठ्यानं म्हणाली. "बारा दिवसांनी."

"माणसाला एक क्रमांक असला की यंत्राला बाकी काही बघावं लागत नाही," ईश्वरी म्हणाली. "पण क्रमांक घालणं गुन्हा आहे. खऱ्या वहीत तो रकाना उघडतच नाही." तिनं दोन्ही आकडे पुसले. भरलेले रकाने पुन्हा कोरे झाले. त्या दिवशी चेंडूवर बारा किलो आले होते.

उघडा असलेला रकाना एकच होता, निवास. माणसं घरं बदलतात, म्हणून तो मोहोरबंद नव्हता; गणनेनंतरही वीज आणि पाण्याच्या मीटरवरून तो वरच्या केंद्रात आपोआप बदलला जाई. सलग पंधरा रात्री माणूस दुसरीकडे राहिला, की निवास बदलला; जुन्या घरी एक रात्र जरी झोपला, तरी तो पुन्हा जुनाच.

"म्हणजे मी दुसरीकडे राहायला गेले की आम्ही वेगळ्या," कांचन म्हणाली. "एवढंच ना? जाते की."

"एक अडचण आहे. लेप दिल्यावर नव्वद दिवस रात्री श्वास अडकण्याची भीती असते. घरात कोणीतरी हवं, आणि ते वर्षभर त्याच घरात राहणारं हवं. नाहीतर लोक कोणालाही भाड्यानं आणून उभं करत होते."

"मग?"

ईश्वरीनं ते सूत्र पुन्हा वाचलं. 'गेल्या वर्षभरात त्याच घरी निवास.' तिनं बोटांवर मोजलं. "तीनशे पासष्टांपैकी साडेतीनशे रात्री तुम्ही घरीच होतात. मला वाटतं, चालावं."

कांचनला तेवढं पुरलं. तिनं दोन गल्ल्यांपलीकडे, पिठाच्या गिरणीवरची खोली घेतली. बहात्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर ती पहिल्यांदा एकटी झोपली. सकाळी सहाला ती घरी यायची, शैलाचं आवरायची, दिवसभर थांबायची आणि दिवेलागणीला परत जायची. शैलानं पहिले चार दिवस चेष्टेत घालवले. "नवऱ्याकडे चाललीस का गं ताई? काय करतो तो? गिरणीत असतो?" शैला तिला ताई म्हणे ती फक्त चिडवताना. पाचव्या दिवसापासून तिनं चिडवणं सोडलं. रात्री पेटके यायचे, मूठ आपोआप वळायची आणि नखं तळव्यात रुतायची. ती मूठ उघडायला आता घरात कोणी नव्हतं. सकाळी कांचन तळव्यावरच्या खुणा बघायची आणि तेल लावायची.

सोळाव्या दिवशी दोघींनी आपापल्या पत्त्यावर तपासण्या पुन्हा करून घेतल्या आणि त्या केंद्रात गेल्या. ईश्वरीनं ओळ उघडली. निदान भरलेलं होतं. कांचननं शैलाचा दंड धरला.

उपचार : तंतुलेप, पात्र.

सोबत : नाही.

तारखेचा रकाना कोरा.

"त्यानं अखंड वर्ष धरलं," ईश्वरी हळूच म्हणाली. "मी बहुतेक रात्री असं धरलं होतं. मीच चुकले, बाई."

"मी परत घरी आले तर सोबत उमटेल?"

"वर्ष भरल्यावर उमटेल. पण तुम्ही परत आलात की पुन्हा दोघी सारख्या. निदान जाईल."

 कांचनला गणित नीट कळलं होतं. वेगळी राहिली तर शैला आजारी ठरते पण तिला कोणी नाही. जवळ राहिली तर शैलाला ती आहे पण आजार नाही. यंत्रातलं चक्र त्यांनी सोडवलं होतं आणि ते उचलून स्वतःच्या घरात आणून ठेवलं होतं.

ईश्वरीनं मुंबईच्या केंद्राला तीन पत्रं लिहिली, दोनदा स्वतः जाऊन आली. उत्तर सभ्य होतं. राज्यात अशा चारशे अकरा जोड्या आढळल्या असून, क्रमांकाला अपवाद करण्याबाबत पुढील अधिवेशनात विचार होईल. ते उत्तर वाचून दाखवायला ती बाईंच्या घरी आली, तेव्हा शैलाची पकड साडेआठवर आली होती.

"अधिवेशन कधी?" शैलानं विचारलं.

"डिसेंबरात."

"बरं. आज चैत्र." शैला थोडी हसली. "कांचे, झालं आता. सामान घेऊन घरी ये. ईश्वरी, लिही तसं."

"नको लिहूस," कांचन म्हणाली.

शैलानं तिच्याकडे वळून पाहिलं.

मधल्या काळात एक गोष्ट झाली होती. निदान भरल्यामुळे तंतुलेप मिळाला नसला, तरी वेदनेची पट्टी मिळू लागली होती. तिला सोबतीची अट नव्हती. दर आठवड्याला चार पट्ट्या. ती मानेखाली लावली की पेटके थांबत. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा कांचन सकाळी आली तेव्हा शैला गाढ झोपलेली होती आणि तिची मूठ उघडी होती. तळव्यावर एकही नवी खूण नव्हती.

"मी परत आले तर पट्टी बंद होईल," कांचन म्हणाली.

"होऊ दे."

"तुला आठवतंय ना, काय होत होतं ते?"

"दुखणं माझं आहे. मला चालेल. तू नसलेली चालत नाही."

"मला नाही चालणार. मी बघू शकत नाही शैले. तू ओरडत नाहीस, दात खाऊन पडतेस, ते मला बघवत नाही."

"म्हणजे तुझ्यासाठी मी एकटी झोपायचं?"

"हो," कांचन म्हणाली. "तसंच समज."

ईश्वरी दोघींच्या मध्ये बसली होती. या दोन तोंडांतून दोन वेगळी उत्तरं येताना तिनं कधी ऐकली नव्हती. लहानपणी वर्गात ती एका बाईंकडे तक्रार घेऊन जायची आणि तिथं जे ऐकायची तेच दुसरीकडे ऐकून परत यायची. आता ती विचारायला लागली, "मग बाई, मी काय..." आणि तिला वाक्य पुरं करता येईना. निवास कांचनचा होता. कांचन हलली नाही तर लिहिण्यासारखं काही नव्हतंच. ती चहा अर्धा ठेवून निघून गेली.

त्या दिवसापासून शैला दिवसभर नीट बोलायची, जेवायची, पेपर वाचून घ्यायची, पण कांचन निघायला उठली की तिच्या साडीचा पदर धरून ठेवायची. बोलायची नाही. नुसती धरून ठेवायची. कांचन खाली बसायची आणि तिची बोटं एकेक करून सोडवायची, आधी करंगळी, शेवटी अंगठा. कधी दोन मिनिटं लागत, कधी पाच. अंगठा सुटला की शैला तोंड भिंतीकडे करायची आणि कांचन दार ओढून घ्यायची. खाली रस्त्यावर आल्यावर गिरणीपर्यंतची वाट ती दोनदा थांबून चालायची.

दवाखान्यात चेंडू दाबायला जाणं त्यांनी सोडून दिलं होतं. आकडा कळून काही करण्यासारखं नव्हतं.

वैशाखातल्या एका शुक्रवारी कांचननं खिचडी भरवली, नवी पट्टी लावली, उशाशी पाण्याचा तांब्या आणि घंटी ठेवली. बाहेर उन्हं कलली होती. गिरणीचा पट्टा बंद झाल्याचा आवाज आला. ती उठली आणि नेहमीसारखी खाटेजवळ थांबली.

शैलाचा हात पुढे आला. बोटं पदराला लागली, त्यावरून सरकली आणि चादरीवर पडली. तिनं पुन्हा हात उचलला. पुन्हा बोटं पदराला लागली आणि सुटली. तिसऱ्यांदा तिनं हात उचलला नाही. ती हाताकडे बघत राहिली, आणि मग कांचनकडे.

सोडवायला काही नव्हतं. कांचन तरीही खाली बसली. तिनं आपला पदर शैलाच्या तळव्यात ठेवला, त्यावर तिची बोटं मिटली, एकेक करून, आणि वरून स्वतःची मूठ आवळून धरली.

"अंधार होईल," बऱ्याच वेळानं शैला म्हणाली. "जायचं ना तुला?"

कांचननं मान हलवली. ती हो होती की नाही, ते दोघींपैकी कोणालाच कळलं नाही.